चौऱ्याण्णव टक्के

१४ मे, रविवार

“किती जणांनी मत दिलं हे विचारू नकोस, ओतिलिया. किती जणांपैकी दिलं ते विचार.”

अबेलार्दो मास्तर हे म्हणाले त्याला सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा नगरपालिकेच्या कचेरीत नुकतीच लागले होते आणि मतदानाचे आकडे फळ्यावर लिहिताना मला फार अभिमान वाटत होता. मास्तरांनी माझ्या हातातून खडू घेतला आणि खालच्या आकड्याभोवती गोल काढला. वरचा आकडा पेटीतून निघतो, तो कुणीही मोजेल. खालचा आकडा म्हणजे यादी. यादीत मेलेली माणसं असतात, निघून गेलेली असतात, आणि ती कधी उठून सांगत नाहीत की आम्ही इथे नाही.

आज ते वाक्य आठवायचं कारण वारासच्या निवडणूक कचेरीतून आलेलं पालोमिनो साहेबांचं पत्र. यानापांपाच्या यादीत अकराशे शहाऐंशी नावं. मागच्या नगरपालिका निवडणुकीत मतं पडली आठशे बेचाळीस. म्हणजे एकाहत्तर टक्के. मत न देणाऱ्याला दंड होतो आणि बँकेतला कारकून ओळखपत्र उलटं करून मागचं मत दिल्याचं स्टिकर बघतो, अशा देशात एकाहत्तर म्हणजे लाजच. साहेब लिहितात, लोक मत देत नाहीत की मुळात लोकच तिथे नाहीत, ते शोधून काढा. घरोघर जा. सप्टेंबरअखेर अहवाल द्या.

मला काम मिळालं याचा आनंद झाला. घर फार शांत असतं.

आज मातृदिन. नायदाचा फोन येणार म्हणून दुपारी चर्चच्या पायरीवर जाऊन बसले, गावात तेवढ्याच जागी आवाज नीट येतो. तिचा फोन पाचला आला. मागे कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं.

“शेजारचं आहे गं. इथल्या भिंती कागदाच्या आहेत.”

“तू कधी येतेस?”

“बघू, आई. सुट्टी मिळाली की.”

लिमाहून बसला चौदा तास लागतात, तरी गेल्या तीन वर्षांत पोरगी तीनदा येऊन गेली. कुणाच्या मुली एवढ्या येतात? शेवटची आली ती गेल्या जूनमध्ये. सकाळी दोघी मत देऊन आलो, भरड्या गव्हाचं कोंबडीचं सूप प्यालो, तिने मला वेणी घालून दिली आणि संध्याकाळच्या बसने गेली. तिच्या हाताची वेणी मी दोन दिवस सोडली नाही.

२३ मे

फॉर्म साधा आहे. नाव, ओळखपत्राचा क्रमांक, वय, आणि पुढे एक रिकामा चौकोन. इथे राहत असेल तर १, राहत नसेल तर २, मयत असेल तर ३. सत्तरीपुढच्यांच्या नावापुढे छापलेलंच आहे: सक्ती नाही. प्रत्येक घरी तीन फेऱ्या करायच्या, वेगवेगळ्या वेळी. माणूस भेटला नाही तर त्याच्या असण्याच्या खुणा शोधायच्या: अंथरूण, पादत्राणं, अंगावरचे कपडे. मग दोन शेजाऱ्यांच्या सह्या. २ पडला की नाव इथून निघतं आणि माणूस खरोखर जिथे राहतो तिथल्या यादीत जातं. पुढचं मतदान त्याने तिथे करायचं.

आज अकरा घरं झाली. सात मयत निघाले. एका बाईने रुमालात गुंडाळलेलं नवऱ्याचं ओळखपत्र आणून दिलं. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मी चौकोनात आकडा लिहायला लागले तर म्हणाली, “जरा हळू लिही.”

१ जून

शेजारच्या मेल्चोरा मावशीचं घर. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी मातीची भिंत आहे, तिच्यावरून आम्ही मीठ-काडेपेटी देतो-घेतो. मावशी बहात्तर वर्षांची. यादीत तिच्या घरी दोन नावं, ती आणि तिचा धाकटा रुफिनो, वय सव्वीस.

“रुफिनो कुठे आहे, मावशी?”

“शेतात.”

“कुठल्या?”

“वरच्या.”

“वरच्या शेतात यंदा काही पेरलंच नाही तुम्ही.”

“म्हणून तर बघायला गेलाय, का पेरलं नाही ते.”

मला हसू आलं, तिलाही आलं. रुफिनो सहा वर्षांपासून लिमाच्या बाजारात पोती उचलतो हे कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे. पण दारात चिखलाने भरलेले पुरुषी गमबूट उभे होते, दोरीवर सदरा वाळत होता, आणि नियम म्हणतो, तीन फेऱ्या. मी पुढे गेले. निघताना तिने ओंजळभर भाजलेला मका माझ्या खिशात ओतला.

९ जून, शुक्रवार

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

सकाळी वरच्या आळीत एका घरी गमबूट दिसले, चिखलाने भरलेले. डाव्या बुटाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. मुलगा कुठाय? शेतात. बरं. पुढच्या गल्लीत दुसरं घर. दारात गमबूट, डाव्याला ट्यूबचं ठिगळ.  बुटांना वेळ मिळावा म्हणून मुद्दाम पाणंदीने न जाता रस्त्याने लांबचा वळसा घेऊन मेल्चोरा मावशीकडे गेले. गमबूट दारात नव्हते. मी फाटकाशी उभी राहिले. एवढ्यात मागच्या कापलेल्या गव्हातून मावशी आली, घागरा एका हातात धरलेला, काखेत बूट, हॅट पाठीवर लोंबकळत असलेली. मला बघून थबकली. मग अगदी सावकाश, जणू रोजचंच काम आहे असं, तिने बूट दारात एकाशेजारी एक मांडले.

“धाप का लागलीय, मावशी?”

“वय झालं.”

“किती घरांना पुरवता हे बूट?”

ती उंबऱ्यावर बसली. “नऊ,” म्हणाली. “माझ्या मेलेल्या नवऱ्याचे आहेत. त्याने जिवंतपणी एवढं काम नाही केलं.”

मी तिच्याशेजारी बसले. दोघी मोकळेपणाने हसलो. मग मी फॉर्म काढला आणि तिचं हसू थांबलं.

“ओतिलिया, तुला कळतं ना तो कशाला येतो ते?”

“दंड होऊ नये म्हणून.”

“हो. मग? मला त्याचं काही वाटत नाही. चार वर्षांनी गावची निवडणूक येते, मधे देशाची येते, ती पण दोन फेऱ्यांची. सगळं गाव दुसऱ्या फेरीला शिव्या घालतं, मी मेणबत्ती लावते. कारण कुठलं का असेना, मला कारण पुरतं.”

मी तिला समजावलं, की खोट्या यादीमुळे गावाबद्दल चुकीचं मोजमाप होतं, गावाची बदनामी होते, आपली माणसं मत देत नाहीत असं वारासचे लोक समजतात.

“समजू देत. वारासच्या लोकांसाठी मी कोंबडी पोसत नाही.”

मी चौकोनात २ लिहिला. ती सही करत नाही, अंगठा देते. तो तिने दिला, जोरात, कागद भिंतीवर असता तर भिंत हलली असती. सगळ्या नऊ घरांना २ लिहिला. आकडा बरोबर आहे.

घरी येऊन जुनी डायरी काढली. नायदा आली त्या तारखा: ५ ऑक्टोबर. १० एप्रिल. ५ जून. तिन्ही मतदानाचे रविवार. शेवटचा दुसऱ्या फेरीचा.

रविवारी सगळ्यांनाच सुट्टी असते. त्यात विशेष काही नाही.

२५ जून, रविवार

नायदाशी बोलले. मूल आजही रडत होतं, आज मागे नाही, जवळच.

“शेजारीण कामाला गेलीय, आई. मी सांभाळते मधूनमधून.”

मला बरं वाटलं. एकट्या पोरीला तेवढीच सोबत. मी म्हटलं, त्या बाळाला मी टोपी विणून पाठवते, लिमात आता दमट थंडी असेल. 

“कुठला रंग आवडेल?” मी विचारलं.

“पिवळा,” ती म्हणाली. मग घाईने, “त्यांना काहीही चालेल.”

पिवळी लोकर घरात होतीच. विणताना गेल्या जूनमधली ती सकाळ आठवत राहिली. गावातल्या कार्मेलाची मुलगी लिमाहून परत आली होती, पाठीशी बाळ बांधून, नवऱ्याचा पत्ता नाही. चुलीपाशी बसून मी म्हटलं होतं, “हेच शिकायचं होतं तर लिमाला कशाला जायचं? अशी पोर माझ्या दारात आली असती तर मी ओळखसुद्धा दाखवली नसती.” नायदा बटाटे सोलत होती. साल इतकी पातळ काढत होती की अख्ख्या बटाट्याची एकच लांब पट्टी निघाली.  तिला कार्मेलाच्या मुलीची दया आली असावी. ती पहिल्यापासून हळवी आहे, माझ्यासारखी नाही.

आता मला वाटतं मी तेव्हा जरा जास्तच बोलले. कार्मेला अजूनही रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघते.

१२ जुलै

महिन्याभरापूर्वी लोक खिशात मका ओतत होते. आता मी गल्लीत शिरले की दारं लागतात, एकामागून एक, वाऱ्याने लागावीत तशी. दुकानदारीण साखर नाही म्हणाली. मागे पोतं दिसत होतं. मेल्चोरा मावशीने भिंतीवरून बोलणं बंद केलंय. काल माझी काडेपेटी संपली. मी भिंतीपर्यंत गेले, ती अंगणात धान्य पाखडत होती, तिने मान वर केली नाही. मी परत आले आणि थंडच खाल्लं.

आतापर्यंत २ आलेले: तीनशे बारा. ही सगळी घरं मी पाहिली. दर घरात एक पलंग नीट आवरलेला, त्यावर कुणी झोपत नाही. मी फॉर्मवर लिहिते, “अंथरूण वापरात नाही.” ज्या बाया तो पलंग दर आठवड्याला उन्हात काढतात त्यांच्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

३ ऑगस्ट

वारासहून मदतीला सोराइदा आली. पन्नाशीची, जाड भिंगांची, तोंडाळ. वीस वर्षं हेच काम करते. माझ्याकडेच उतरलीय. खूप दिवसांनी घरात दुसऱ्या माणसाचं घोरणं ऐकलं, छान झोप लागली.

“तुझ्या गावात मला कुणी पाणी विचारलं नाही,” ती म्हणाली. “काय केलंस गं बाई?”

“काम.”

“मग बरोबर आहे.”

जेवताना तिने यादी चाळली आणि बोट ठेवलं. “हे तुझंच घर ना? दोन नावं. स्वतःच्या घराचा फॉर्म स्वतः भरता येत नाही, हे माझ्याकडे.”

मला ते माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ती पानं मी नेहमी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवत आले.

१९ ऑगस्ट, शनिवार

मी काय केलं ते इथे लिहिते, दुसरं कुणाला सांगण्यासारखं नाही.

सोराइदा दोन दिवस वरच्या वस्त्यांवर गेली होती. काल बाजाराच्या दिवशी मी एक जोडी सपाता घेतल्या, पस्तीस नंबरच्या, नायदाच्या मापाच्या. एक दात घासायचा ब्रश घेतला. तिच्या पलंगावरची चादर मुद्दाम चुरगळली. उशीत मूठ दाबून खळगा केला. तिचा शाळेतला स्वेटर खुर्चीवर टाकला. हे करताना मी गुणगुणत होते. कुणी येणार असलं की मी गुणगुणते.

आज सोराइदा परत आली, हातपाय धुतले, आणि औपचारिक आवाजात म्हणाली, “मतदाराची खोली दाखवा.” मी दाखवली. ती खोलीत उभी राहिली. सपाता उलटून बघितल्या, ब्रशवरून अंगठा फिरवला.

“ब्रश कोरडा आहे, ओतिलिया.”

“ती रात्रपाळीला असते.”

“आणि सपातेला किमतीची चिठ्ठी आहे.”

मी पलंगावर बसले. खळगा मोडला. सोराइदाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पेन माझ्यापुढे धरलं. “तू लिही. १ लिहिलास तरी मी सही करीन. वीस वर्षांत एक खोटं चालेल मला.”

पण शेजाऱ्याची साक्ष लागते. तिने भिंतीवरून हाक मारली आणि मेल्चोरा मावशी आली, अडीच महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या अंगणात. सपाता बघितल्या, चादर बघितली. मला वाटलं आता हसेल. तिने खुर्चीवरचा स्वेटर उचलला, घडी केला आणि पलंगावर ठेवला.

“नायदा इथे राहते का, मावशी?” सोराइदाने विचारलं.

“मला काय विचारता? ती कुठे राहते हे तिच्या आईला ठाऊक आहे का ते विचारा.”

“म्हणजे?” मी म्हटलं.

“म्हणजे काही नाही. माझे बूट तुला चालले नाहीत. तुझ्या सपाता मला चालतील, बोल, देऊ अंगठा?”

ती खरंच देणार होती. शाईकडे हात गेला होता तिचा. मला टोमणा सहन झाला असता, हे झालं नाही. मी पेन घेतलं आणि २ लिहिला. सोराइदा म्हणते, मी फार हळू लिहिला.

३ सप्टेंबर, रविवार

नायदाला सांगितलं, की तुझं नाव इथून निघालं, पुढचं मत तुला लिमात द्यावं लागेल. तिला वाईट वाटेल म्हणून आधी दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली होती.

“बरं झालं गं, आई,” ती म्हणाली. “मला पत्ता बदलायचाच होता. तुला कसं सांगू तेच कळत नव्हतं.”

जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मी विचारलं, टोपी बसली का त्या बाळाला? बसली म्हणाली. थोडी मोठी होती, आता बसते.

२० सप्टेंबर

अहवाल पाठवला. २ आणि ३ मिळून चारशे अठ्ठ्याण्णव. यादीत उरले सहाशे अठ्ठ्याऐंशी. पालोमिनो साहेब म्हणाले, “याला म्हणतात काम.” सोराइदा परत गेली. आपल्या सपाता विसरली आहे की ठेवून गेली आहे, कळत नाही. खोलीत आता दोन जोड आहेत.

१६ फेब्रुवारी

बदल्यांची अंतिम यादी तपासायला आली: इथून कोण कुठे गेलं. पाच तास ओळीने बघत होते. लिमा, लिमा, लिमा, चिंबोते, लिमा. मग नायदा. लिमातलं सान हुआन दे लुरिगांचो, टेकडीवरची वस्ती, गट एफ, प्लॉट बारा.

चार वर्षांत तिने मला हा पत्ता सांगितला नव्हता. मी विचारला की म्हणायची, तिथे रस्त्यांना नावंच नाहीत, तुला काय सांगू. नाव आहे. आकडाही आहे.

आणखी एक गंमत. सात ओळी खाली रुफिनो. गट एफ, प्लॉट बारा. तोच. एकेका प्लॉटवर दहा-दहा भाडेकरू असतात, अशा नोंदी मी वर्षभर पाहतेय, त्यात काही नवल नाही. उलट बरंच झालं, गावचा माणूस शेजारी असलेला चांगला. पाण्याचे ड्रम चढणीवर वाहायला तरी मदत करत असेल.

मेल्चोरा मावशीला सांगायला भिंतीपर्यंत गेले. ती उन्हात बसून काहीतरी विणत होती, पिवळं. मला बघताच तिने ते ओच्यात घेतलं.

“मावशी, रुफिनो आणि नायदा एकाच प्लॉटवर राहतात, माहीत आहे?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. राग नव्हता.

“आकडे एवढे नीट वाचतेस,” ती म्हणाली, आणि बाकीचं वाक्य गिळलं. मग आत गेली, आणि काडेपेटी घेऊन बाहेर आली. माझी काडेपेटी संपली नव्हती. मी घेतली.

१३ मे, मातृदिन

नायदाचा फोन, तीन मिनिटं. ते मूल आता बोलायला लागलंय. “आई, आई” करत होतं सारखं. त्याची आई बाहेर गेली असावी. नायदा त्याला काही बोलली नाही, नुसती फोनपासून दूर गेली, आणि परत आली तेव्हा आवाज घोगरा होता.

“सर्दी झालीय का तुला?”

“हो.”

मुन्याचा काढा घे म्हटलं. इथे अंगणात मुन्या गुडघ्यापर्यंत वाढलाय, कुणी तोडायला नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

उद्या मतदान.

मागच्या वेळी आदल्या दिवशी लिमाहून आठ बसगाड्या आल्या होत्या, वळणावळणावर भोंगे वाजवत. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, पावाच्या भट्ट्या पहाटेपासून पेटलेल्या, पोरांनी एकमेकांच्या गळ्यात पडून गोंधळ घातला होता. आज मी दुपारभर चौकात बसले. एक बस आली, त्यातून मतपत्रिकांची खोकी उतरली आणि दोन पोलीस.

तीच बस परत लिमाला निघाली तेव्हा मेल्चोरा मावशी चढताना दिसली. नवा घागरा, पाठीवर गाठोडं, एका हातात पाय बांधलेली कोंबडी.

“कुठे निघालात?”

“लिमाला.”

“एकट्या? आणि उद्याचं मत?”

“सत्तरीनंतर सक्ती नाही. तुझ्याच फॉर्मवर छापलंय.” तिने कोंबडी ड्रायव्हरच्या हातात दिली, त्याने ती निमूटपणे घेतली. “पोरगा येत नाही, तर मी जाते. माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही देव जाणे. म्हातारीने आयुष्यभर दाराकडे बघत बसायचं असतं असंच वाटत होतं मला. तू नाव खोडलंस म्हणून सुचलं.”

मी म्हटलं, “माझा एक आकडा कमी होणार,” आणि हसले. ती हसली नाही.

“माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, ओतिलिया. तुला विचारणार होते. मी रुफिनोला म्हटलंसुद्धा, आणू का तिला? तो म्हणाला, नको. नायदा म्हणते, अजून नको.”

“नायदा? तिचं काय यात?”

तिने माझ्या गालाला हात लावला, खरखरीत आणि गरम. मग भोंगा वाजला आणि ती आत गेली.

मी तिथे उभी राहिले. गाठोड्याच्या गाठीतून पिवळ्या लोकरीची बाही बाहेर आली होती, एवढीशी, माझ्या वितीएवढी. शेजारणीच्या मुलासाठी कुणी चौदा तास स्वेटर वाहून नेत नाही.

घरी येऊन मी चूल पेटवली नाही. त्या जूनमधल्या सकाळचा बटाटा आणि त्याची लांब पट्टी डोळ्यांपुढून हलत नाही. मी लोकांच्या घरात अंथरूण, चपला, कपडे शोधत फिरले. खुणा कशा वाचायच्या हे मला येतं, तेवढंच मला येतं. काही नोंदींखाली मी मुद्दाम बेरीज मांडली नाही. आजही मांडणार नाही. ती तिने मला सांगायची आहे, मी शोधून काढायची नाही.

‘अजून’ हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा ऐकतेय.

८ ऑक्टोबर, सोमवार

सहाशे अठ्ठ्याऐंशीपैकी सहाशे सत्तेचाळीस. चौऱ्याण्णव टक्के. सगळ्या प्रांतात आमचा पहिला नंबर. पालोमिनो साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं, म्हणाले, बघा, यानापांपा जागं झालं. मी आभार मानले.

आकडा बरोबर आहे. मी दोनदा पडताळला. काल दुपारी दोन वाजता मतदान केंद्रावर कुणीच नव्हतं, केंद्रावरच्या तिघी खुर्च्या उन्हात ओढून डुलक्या घेत होत्या. पाववालीने उरलेले पाव परत पोत्यात भरले. मागच्यापेक्षा जवळजवळ दोनशे माणसं कमी आली आणि टक्के तेवीस वाढले. हे मी अहवालात कसं लिहू? नियमात बसतं तेवढं लिहिलं.

पण आज बसले ते अहवालासाठी नाही. चर्चच्या पायरीवर सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. बोलताना माझा आवाज कडक होतो, तिला तो लहानपणापासून माहीत आहे. म्हणून आधी इथे लिहिते, मग हेच तिला फोनवरून पाठवीन, एकही शब्द न बदलता.

नायदा,

तुझं मत तू काल तिथे दिलं असशील. आता तुला इथे यायचं काही कारण उरलं नाही, ते मीच माझ्या हाताने खोडलं. म्हणून मी यायचं म्हणते. पत्ता मला माहीत आहे, तो यादीत वाचला, त्याबद्दल रागावू नकोस. शुक्रवारी तीनला बस आहे. फक्त दोन दिवस राहीन. जमिनीवर झोपेन. माझ्या तोंडून जे कधी काळी निघालं ते मी परत घेते, कुठलं ते तुला माहीत आहे. तू दार उघडशील तेव्हा जो कुणी तिथे असेल त्याला मी आधी हात धुऊन उचलून घेईन आणि मग तुला भेटेन. काही विचारणार नाही. तू नको म्हणशील, अजून नको म्हणशील, हे मला कळतं, आणि तसं म्हणालीस तर मी इथल्या चर्चच्या पायरीवरून उठून घरी जाईन. तरी विचारते.

येऊ का?